पुळणीवरची वाट

पहाटे साडेपाचला काकांनी दाराची कडी वाजवली. आळीत सगळे त्यांना काकाच म्हणतात. नोव्हेंबर ते मे ते कासवमित्र म्हणून काम करतात, म्हणजे रोज अंधारात उठून सगळी पुळण, किनाऱ्याची वाळू, कासवांच्या अंड्यांसाठी पायी तपासतात. "सूनबाई, जरा चला माझ्याबरोबर," एवढंच म्हणाले. २०२४ चा फेब्रुवारी होता, रविवार. माडीवरच्या खोल्या आम्ही पर्यटकांना भाड्याने देतो, तिथे पाहुणे झोपले होते. मी शाल ओढली आणि निघाले.

आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्राला लागून. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या शनिवारी आणखी चार गाड्या वाळूत उतरतील, अशी मला खरंच भीती वाटते.

काकांनी लाल कागद लावलेली बॅटरी खाली धरली. कासवाची मादी पाण्यातून वर येते तेव्हा वाळूत तिचा माग उमटतो. मधोमध पोट घासल्याचा पट्टा आणि दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारख्या पायांचे ठसे, एकाआड एक. लांबून पाहिलं तर लहानसं ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखं वाटतं. माग वर जातो, भरतीरेषेच्या पलीकडे एका जागी वाळू विस्कटलेली असते, आणि तिथून दुसरा माग पाण्याकडे परत येतो. काका हे सगळं वाचतात. विस्कटलेल्या जागी हाताने चाचपत जातात, वाळू जिथे भुसभुशीत लागते तिथे हात कोपरापर्यंत घालतात, आणि खाली अंडी असतात, शंभराच्या आसपास, टेबल टेनिसच्या चेंडूएवढी.

त्या दिवशी पाण्याजवळ दहा-बारा हात माग अगदी स्वच्छ होता. त्याच्या वर फक्त टायर. रात्री कुणीतरी गाडी गोल गोल फिरवली होती. एकात एक अडकलेले वळसे थेट मर्यादवेलीपर्यंत गेले होते, आणि वेलीचे दोर उपटून बाजूला पडले होते. काका, मी आणि काकांचा नातू, तिघं गुडघ्यांवर बसून दोन तास वाळू चाचपत होतो. ऊन वर आलं. घरटं सापडलं नाही.

चौथ्या दिवशी ते कुत्र्यांना सापडलं. टरफलं चुरगळलेल्या कागदासारखी पसरली होती आणि त्यांवर मुंग्या लागल्या होत्या.

ती गाडी आमच्याच पाहुण्यांची होती. रात्री जेवण झाल्यावर त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं होतं, "वहिनी, बीचवर गाडी जाते ना?" आणि मी ताटं उचलता उचलता म्हणाले होते, "जाते की." आठ वर्षं मी पाहुण्यांना हेच सांगत आले होते. हे लिहायचं कारण तेच आहे.

तोवर मला वाटायचं, गाडीमुळे होतं ते नुकसान म्हणजे चाकाखाली घरटं येणं. घरटं दीड-एक फूट खोल असतं. वरची वाळू चाकांनी दाबून घट्ट झाली तर पिल्लांना वर येणं कठीण जातं, हे खरंच आहे. वर आलेलं पिल्लू टायरच्या चरीत पडलं तर चरीतूनच चालत राहतं, पाण्यापर्यंत पोचतच नाही, हेही खरं. पण काका म्हणाले, "सूनबाई, दबलेलं घरटं एखादं. माग पुसला गेला म्हणून न सापडलेली किती, ते मोजता तरी येतं का?" आमच्याकडे अंडी हॅचरीत, म्हणजे जाळी लावून राखलेल्या जागेत, हलवतात, कारण जागेवर राहिली तर कोल्हे, कुत्री, मुंगूस सोडत नाहीत. आणि ती हलवायची तर घातल्यापासून काही तासांतच, अजिबात न फिरवता. उशीर झाला तर आतला जीव कवचाला धरतो आणि अंडं फिरलं की मरतो. म्हणजे सगळा खेळ पहाटेच्या मागावर. गाडी रात्री अकराला फिरली काय आणि पहाटे पाचला फिरली काय, काकांच्या आधी फिरली की संपलं.

मी अर्ज लिहायला घेतला. ग्रामपंचायतीत सांगितलं गेलं, पुळण पंचायतीच्या ताब्यात नाही. ताब्यात कुणाच्या, हे विचारत मी तालुक्याला चार खेपा घातल्या. जमीन सरकारी म्हणून महसूलचा संबंध, किनारा म्हणून बंदराचा संबंध, कासव म्हणून वनविभागाचा, गाडी म्हणून पोलिसांचा. एका कार्यालयात माझा अर्ज चार महिने पडून होता आणि पाचव्या महिन्यात तो मिळत नाही असं सांगून दुसरा द्यायला लावला. त्या दिवशी एसटीत बसून मी रडले. पण या फेऱ्यांतच मला कागद कळायला लागले. आमच्याकडे अंडी घालतं ते ऑलिव्ह रिडले कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. कासवं अंडी घालतात ते किनारे आणि वाळूच्या टेकड्या सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) नियमांत सर्वांत जपायच्या गटात येतात. गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी नेणं कायद्यानेच बंद आहे. हे सगळं मी एका वहीत लिहून ठेवलं. पुढे बोलताना पायाखाली घट्ट जमीन लागते.

त्याच पावसाळ्यात माझा भाचा अमेरिकेहून फोनवर बोलत होता. तो नॉर्थ कॅरोलायनात असतो. मी कासवांचं सांगितलं तर म्हणाला, "मावशी, आमच्याकडे हाच वाद कोर्टात गेला होता." केप हॅटरस म्हणून तिथे लांबच लांब वाळूचा किनारा आहे, राष्ट्रीय उद्यानासारखा राखलेला. लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे गाडी घेऊन गळ टाकायला जातात. त्याच वाळूत कासवं अंडी घालतात आणि लहान पाणपक्षी घरटी करतात. सरकारी जमिनीवर गाडी कुठे चालेल आणि कुठे नाही हे ठरवून द्या, माती आणि प्राण्यांची हानी कमीत कमी होईल असं बघा, असा आदेश राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७२ मध्येच काढला होता. आपला वन्यजीव कायदाही त्याच वर्षीचा. तरी हॅटरसला नियम झाले नाहीत. शेवटी निसर्ग संस्था न्यायालयात गेल्या, २००८ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला आणि २०१२ मध्ये पक्के नियम आले. काही भाग गाड्यांना कायम बंद, काही खुले, काही हंगामापुरते. त्या नियमांप्रमाणे गाडी न्यायची तर परवाना, आणि त्याआधी माहितीची छोटी फिल्म बघायची. गाडीत फावडं आणि टायरची हवा मोजायचं यंत्र हवंच. आणि १ मे ते १५ नोव्हेंबर, त्यांच्याकडचा कासवांचा हंगाम, रात्री नऊपासून सकाळी सातपर्यंत वाळूवर गाडी नाही, असं २०१२ च्या त्या नियमांत होतं.

रात्री नऊ ते सकाळी सात. मी ते आकडे वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या. काका तिकडे कधी गेले नाहीत आणि तिकडच्या लोकांनी काकांचं नाव ऐकलेलं नाही, पण दोघं एकाच जागी येऊन पोचले होते.

आता गावाशी बोलायचं होतं, आणि सुरुवात घरातूनच करावी लागली. माझ्या धाकट्या दिराच्या चार एटीव्ही बाइक आहेत, पाहुण्यांना वाळूवर फिरवायच्या चारचाकी बाइक, पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेल्या. त्याला सांगितलं तर तो ताटावरून उठला. "दादाची खोली चालते, माझी गाडी बंद करा," म्हणाला. पंधरा दिवस आमच्याशी बोलला नाही. त्याचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. मुंबईची नोकरी सोडून गावात राहिलेला पोरगा आहे. त्याचं पोट त्या वाळूवर आहे. निसर्ग राखायचा म्हणून पहिला घाव गावातल्या सर्वांत कर्जबाजारी माणसावर घालायचा, हे मला मान्य नव्हतं.

मासेमारी करणाऱ्या घरांचा प्रश्न वेगळा. त्यांच्या होड्या ट्रॅक्टरने ओढून वर घेतात. होडी पहाटे परत येते, आणि मासळी हर्णैच्या लिलावाला वेळेत पोचायची तर टेम्पो पाण्याजवळ यायलाच हवा. म्हणजे काकांची वेळ तीच त्यांची वेळ. त्यांच्यातले एक वयस्कर तांडेल, म्हणजे होडीवरचे प्रमुख, मला शांतपणे म्हणाले, "पाहुण्याच्या गाडीला आणि आमच्या ट्रॅक्टरला एकच नियम लावणार असाल, तर आम्ही हात वर करणार नाही." मी मान हलवली. खरंच होतं ते. एक माणूस मजेसाठी वाळूत उतरतो, दुसऱ्याला उतरल्याशिवाय चूल पेटत नाही.

मग काकांनी त्यांची वही काढली.

ही वही मी आधी पाहिली नव्हती. शाळेची दोनशे पानी, कव्हर उडालेली, वर दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक. दहा हंगामांची प्रत्येक नोंद त्यात आहे: तारीख, भरतीची वेळ, अंडी किती, आणि जागा. जागा लिहायची त्यांची स्वतःची रीत. "वाकड्या सुरूपासून उत्तरेस ८० पावलं", "व्हाळाच्या तोंडापासून ३१० पावलं, वेलीच्या खाली". व्हाळ म्हणजे ओढा. आम्ही दिवाळीनंतर तीन संध्याकाळी ओटीवर बसून ती सगळी वही एका लांब कागदावर उतरवली. नातवाने पट्टी धरली, दिराच्या बायकोने ठिपके काढले. तिसऱ्या संध्याकाळी दीरही येऊन उभा राहिला, मागे, खांबाला टेकून.

कागदावर दिसलं ते असं. बहुतेक ठिपके उत्तरेकडच्या अर्ध्या भागात, सुरूच्या बनासमोर. व्हाळ समुद्राला मिळतो तिथे एकही नाही, वाळू कायम ओली असते म्हणून. आणि दक्षिणेला, व्हाळापासून खडपापर्यंत, म्हणजे कातळापर्यंत, दहा हंगामांत फक्त दोन. दीर बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे खडपाच्या अंगाला मी फिरवू शकतो." काका म्हणाले, "आठनंतर. ओल्या वाळूत. वर चढायचं नाही." "नऊ करा," दीर म्हणाला, "आठला गिऱ्हाईक कुठे असतं." त्या संध्याकाळी तो आमच्यात जेवला.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी महिलांची सभा होते. कायद्याने घ्यावी लागते, एरवी सह्यांपुरतीच असते. २५ जानेवारी २०२५ ला ती दोन तास चालली. मी सांगत होते की पहाटे टेम्पो वाळूत न उतरता वर डांबरीवर थांबेल. एक मावशी उठल्या. "टेम्पो वर थांबला तर पाट्या कुणी वाहायच्या? आमीच ना?" सगळ्या गप्प झाल्या आणि मीसुद्धा. डांबरीपासून पाण्यापर्यंत ओहोटीला दीड-दोनशे पावलं, बर्फ घातलेली पाटी डोक्यावर, मऊ वाळूत. मी आठ महिने कायदे वाचले होते आणि हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. उपाय त्यांनीच काढला. व्हाळाच्या कडेने एकच सरळ वाट ठेवायची, बारा फुटांची, डांबरीपासून पाण्यापर्यंत. तिथे घरटं नसतंच. त्या वाटेने पहाटे फक्त ट्रॅक्टर-ट्रॉली जाईल, टेम्पो नाही, आणि सरळ जाऊन सरळ येईल. काकांनी फेरी त्या वाटेपासून सुरू करायची, म्हणजे होडी यायच्या आत ती बघून झालेली असेल.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदनानंतर ग्रामसभा. गणपूर्तीला मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांतलं जे कमी ते लागतं. त्या दिवशी शाळेच्या वर्गात माणसं मावत नव्हती. ठरावाच्या विरोधात बोलले ते मुख्यतः माझ्यासारखेच खोल्या भाड्याने देणारे. एक जण म्हणाले, गाडी वाळूत न्यायला मिळते म्हणून तर लोक आमच्याकडे येतात, नाहीतर शेजारच्या गावात जातील. मी त्यांना वेळासचं उदाहरण दिलं. २००२ साली भाऊ काटदरे आणि त्यांच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे कासवांचं काम सुरू केलं. आज लोक वेळासला पिल्लं बघायला येतात, गावातल्याच घरांत उतरतात, मोदक-भात खातात. तिथे पाहुणा चालत पुळणीवर जातो. ते गृहस्थ म्हणाले, सगळ्यांचं वेळास होत नाही. तेही मला पटलं. मी एवढंच म्हणाले की मीही नुकसान सोसायला तयार आहे, आणि त्या रविवारची गोष्ट सांगितली, "जाते की" म्हणाले होते तेही. तोपर्यंत ती मी घराबाहेर कुणाला सांगितली नव्हती.

ठराव झाला. पर्यटकांच्या खाजगी गाड्या वाळूवर बारा महिने बंद. एटीव्ही फक्त व्हाळाच्या दक्षिणेला, ओल्या वाळूत, सकाळी नऊ ते सूर्यास्त. मासेमारीची वाट खुली, पहाटे ट्रॅक्टर, उजाडल्यावर टेम्पोही. सूचक तांडेल, अनुमोदक माझा दीर. ते इतिवृत्तात वाचलं गेलं तेव्हा मी खाली बघत बसले.

ठराव कागदावर असतो. वाळूवर दंड करायचा अधिकार पंचायतीला नाही; बेदरकार गाडी चालवली तर पोलीस गुन्हा नोंदवू शकतात, पण रात्री अकराला पोलीस कुठून येणार. म्हणून उतरायच्या जागाच बंद केल्या. तीन जागी पोरांनी जांभ्याचे चिरे रचले, एका जागी जुन्या होडीचा मोडका कणा आडवा टाकला. व्हाळाच्या वाटेवर साखळी लावली आणि किल्ली तांडेलांकडे दिली, सरपंचांकडे नाही, हेही ग्रामसभेतच ठरलं. बनामागच्या मोकळ्या जागेत गाड्या लावायची सोय केली. त्याच्या पैशांतून शनिवार-रविवार एक रखवालदार ठेवला आहे.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. मार्चमध्ये कुणीतरी चिरे बाजूला काढून गाडी उतरवली. भरतीत रुतली, आणि रात्री दोनला ट्रॅक्टर मागायला आले. आमच्याकडे रुतलेली गाडी ओढायचे चांगले पैसे मिळतात. तांडेलांच्या मुलाने ओढून दिली आणि पैसे हॅचरीच्या जाळीला दिले. दिवाळीच्या सुट्टीत एका पाहुण्याने माझं बुकिंग रद्द केलं, कारण मी फोनवरच सांगते आता, गाडी वाळूत नेता येणार नाही. दोन खोल्या तीन दिवस रिकाम्या राहिल्या. दिराचं गिऱ्हाईक कमी झालंय, निम्मं नाही, पण कमी. त्याचा हप्ता दोनदा आम्ही भरला. हे मांडायलाच हवं, कारण अशा गोष्टींत किंमत कुणीतरी देतंच, आणि ती कुणी दिली हे गावाला माहीत असावं.

ग्रामसभा झाली त्याच आठवड्यात गुहागरच्या किनाऱ्यावर एक मादी अंडी घालायला आली. तिच्या पायाला ०३२३३ क्रमांकाची पट्टी होती. पट्टी २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली. बंगालच्या उपसागरातून अरबी समुद्रात, साडेतीन हजार किलोमीटर. बातमी वाचली त्या दिवशी मी कात्रण काकांच्या वहीत ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, "नंबर दिसायला पट्टी कुठल्या पायाला असते?" तेव्हापासून मादी दिसली की ते आधी पाय बघतात.

यंदाचा पहिला माग डिसेंबरात मिळाला. मी फेरीला बरोबर होते. सुरूच्या बनासमोर वाळू अशी होती की तिच्यावर खेकड्यांची नक्षीसुद्धा मोडलेली नव्हती, आणि तिच्यातून तो माग वर गेलेला, एकाआड एक ठसे, थेट वेलीपर्यंत. काकांनी हात घातला. "आहेत," म्हणाले. नातवाने बादलीत ओली वाळू पसरली, आणि काका एकेक अंडं वर काढून, जशी बाजू वर होती तशीच, खाली ठेवत गेले. मी मोजत होते. एकशे सात.

मागे व्हाळाच्या वाटेवर ट्रॅक्टर येऊन थांबला होता. साखळी उघडली होती, इंजिन बंद, दिवे बंद. काकांची त्या वाटेवरची फेरी झाली होती की नाही हे तांडेलांच्या मुलाला कळलं नव्हतं, म्हणून तो वाट बघत होता. काकांनी उभं राहून लाल बॅटरी दोनदा हलवली. तिकडे ट्रॅक्टर सुरू झाला आणि सरळ पाण्याकडे गेला.